रमाची गादी कुठं पाठवायची?

गादीवाल्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात उडून बसलेला कापूस, आणि दुसरी म्हणजे लोकांच्या गोष्टी. दोन्ही झाडून काढायला गेलं की वर उडतात आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच येऊन बसतात. माझं वय झालं, आता कापूस पिंजायचं तारेचं पिंजण उचलत नाही. पण कापूस आणि गोष्टी अजून अंगाला चिकटलेल्या आहेत. त्यातल्या थोड्या सांगतो. घाई नाही ना कुणाला? मलाही नाही.

मी रसूल नदाफ. जिंतूरला स्टँडच्या रस्त्यावर माझं गाद्या भरायचं दुकान होतं. शाळेत मी गेलो नाही. अक्षरं शिकलो ती गादीच्या कोपऱ्यावर पोरांची नावं लिहिता लिहिता. कॉलेजला निघालेलं पोरगं आधी माझ्याकडं गादी भरायला यायचं, आणि हॉस्टेलात अदलाबदल होऊ नये म्हणून नाव, गाव, कॉलेज सगळं काळ्या शाईनं लिहून द्यावं लागायचं. मला पुणं, मुंबई, औरंगाबाद लिहिता यायचं तेव्हा स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं!

दुकानापुढं एक बाकडं होतं आणि त्यावर दोघं कायमचे. एक किसनराव पाटील. चांगली काळी जमीन, विहिरीला पाणी, आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर स्टँडवरचा माणूस वळून बघावा. दुसरा केरबा, पोस्टमन. टपाल वाटून झालं की सायकल माझ्या भिंतीला टेकवायची आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचं.

केरबाची पोरगी रमा. त्या साली बारावी सायन्सला तालुक्यात पहिली आली. "इंजिनिअरिंगला जाते," म्हणाली. आता कुठल्या कुठल्या विद्यापीठाचे फॉर्म भरायचे, हे खरं तर तिनं ठरवायचं. पण बाकड्यानं ते काम अंगावर घेतलं. त्या एका उन्हाळ्यातल्या ह्या गोष्टी.

* * *

पहिली अडचण अशी, की किसनराव आणि केरबा त्या वेळी एकमेकांशी बोलत नव्हते.

मराठवाड्यात औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा वाद चालू होता. नामांतर झालंच पाहिजे म्हणून केरबा रजा टाकून मोर्चाला गेलेला आणि पोलिसांच्या गाडीत बसून आलेला. किसनराव नाव आहे तेच राहू द्या म्हणणाऱ्यांत. दोघांची एकदा बाचाबाची झाली आणि बोलणं बंद. पण बाकडं कुणीच सोडेना! ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक, आणि मधे उंबऱ्यावर मी, कापूस पिंजत.

"रसूलभाई," किसनराव म्हणाले, "त्याला सांग, पुण्याचा बी फॉर्म भर. तिथं बाहेरच्या विद्यापीठातल्या पोरांना जागा बोटावर मोजण्याएवढ्या हायत, पर आपली रमा बसंल त्यात."

"रसूलभाई, त्यांना सांग, पोरगी माझी हाय."

"त्याला सांग, पोरगी त्याची हाय, गाव समद्यांचं हाय!"

"त्यांना सांग, औरंगाबादचा फॉर्म भरायचाय, तेवढा बास हाय."

"त्याला इचार, एकाच बियाण्यावर कुणी पेरणी करतं का?"

त्या दिवशी मला तीन गाद्या द्यायच्या होत्या. एक निरोप दिला की हात थांबायचा, दुसरा दिला की तार थांबायची. शेवटी मी उठलो. म्हणालो, "मी पाणी पिऊन येतो. तोपर्यंत तुमचे निरोप बाकड्यावर ठेवा, आल्यावर पोचवतो."

परत आलो तर दोघं समोरासमोर हातवारे करून भांडत होते. पुण्यावरून, मुंबईवरून, जागांवरून. 'रसूलभाई' कुणाच्या तोंडात नाही! मला बरं वाटलं. गपचूप बसलो आणि पिंजणाच्या तारेवर ठोका मारला.

दोघं एकदमच माझ्यावर ओरडले, "अरं, तो आवाज बंद कर की! आमचं आमाला ऐकू येईना!"

* * *

मग प्रश्न आला, की ह्या विद्यापीठांची पारख करायची कशी? तिघांपैकी एकानंही कॉलेज आतून बघितलेलं नव्हतं.

किसनराव म्हणाले, "रसूलभाई, तुज्याकडं दरसाल हॉस्टेलच्या गाद्या परत येत्यात का न्हाई?"

येतात. सुट्टीत पोरं गादी गुंडाळून आणतात, मी खोळ उसवतो, कापूस पुन्हा पिंजून भरून देतो.

"मग गादीच सांगंल की! मधी दबलेली असंल तर पोरगं झोपा काढायलंय. कडंला दबलेली असंल तर पोरगं बसून अभ्यास करायलंय."

बोलणं पटण्यासारखं होतं. आम्ही पोरांच्या गाद्या उलगडून बघायला लागलो. मुंबईची गादी अर्धीच निघाली, बाकीची खोलीत मावली नाही म्हणून पोरानं कापून टाकली होती. औरंगाबादची मधे दबलेली. केरबाचं तोंड उतरलं.

शेवटी पुण्याची उलगडली. ती किसनरावांच्याच पोराची, बाळासाहेबाची. मधे जशी मी भरली तशी फुगीर, आणि कडा दबून भाकरीसारख्या पातळ! एक नाही, चारी कडा.

किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बघ केरबा. झोप म्हणून न्हाई! चारी बाजूंनी अभ्यास. पुणं ते पुणं!"

मी खोळ उसवली. शिवणीतून आत सरकलेला एक पत्ता पडला. किलवरची दुर्री. मग इस्पिकची तिर्री. मग आणखी दोन-तीन.

चार कडांवर चार जण बसत होते, मधे डाव पडत होता!

केरबानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. किसनरावांनी ते पत्ते एकेक करून उलटेसुलटे केले आणि हळूच म्हणाले, "एखादा एक्का तरी निघायचा हुता."

* * *

केरबाची पारख वेगळी होती. तो म्हणायचा, "कॉलेज कसं हाय ते त्याच्या टपालावरून कळतं." रोज शेकडो पाकिटं हाताखालून जाणारा माणूस. कोण वेळेवर उत्तर देतं, कुणाचं पाकीट नीट चिकटवलेलं असतं, सगळं त्याला दिसायचं.

तीन ठिकाणांहून माहितीपुस्तकं मागवली होती. मागवताना आपला पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट आतच घालून पाठवायचं असतं. औरंगाबादचं आलं, पुण्याचं आलं, मुंबईचं येईना. आठ दिवस झाले, पंधरा झाले. एके दिवशी आलं ते अंगावर शिक्केच शिक्के घेऊन. कुठल्या तरी भलत्याच जिल्ह्यात जाऊन, तिथून फिरून, मग जिंतूरला.

केरबा तापला. कामात चूक झालेली त्याला खपायची नाही. "बगा! पिनकोड चुकलाय, जिल्हा चुकलाय. ज्यांना साधा पत्ता लिवता येत न्हाई ते माज्या पोरीला काय शिकवणार? मुंबई रद्द!"

"रद्द!" किसनरावांनीही आवाज दिला. "असला निष्काळजीपणा! एवढं मोठं विद्यापीठ आन्‌ एक माणूस न्हाई धड लिवणारा?"

रमा बापाचा डबा घेऊन आली होती. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाली, "बाबा, हे आपणच पाठवलेलं पाकीट हाय. त्यावरचं अक्षर किसनकाकांचं हाय. 'माझं अक्षर वळणदार हाय' म्हणून त्यांनीच नव्हतं का लिवलं?"

केरबानं मान वळवून किसनरावांकडं बघितलं.

किसनराव उठले, धोतर झटकलं. "तशी बी मुंबई लय दूर पडती," म्हणाले आणि चालायला लागले.

* * *

माहितीपुस्तकात मागच्या साली शेवटचा पोरगा किती मार्कांवर आत गेला ते छापलेलं असायचं. पुण्याचा आकडा सगळ्यांत वर. रमा म्हणाली, "काका, जिथं आत जायला जास्त मार्क लागतात, ते कॉलेज मोठं."

किसनरावांना हे काही केल्या पटेना. दोन दिवस ते त्यावर विचार करत होते. तिसऱ्या दिवशी बाकड्यावर बसायच्या आधीच सुरू झाले.

"मला सांगा, जो डॉक्टर फक्त ठणठणीत माणसंच तपासायला घेतो, त्याला कुणी मोठा डॉक्टर म्हणंल का? हे पुण्यावाले आधीच हुशार असलेली पोरं घेत्यात आन्‌ चार वर्षांनी म्हणत्यात, बघा, आमी हुशार केली! त्यात त्यांनी काय केलं? आमच्या बाळासाहेबाला हुशार करून दाखवलं असतं तर मी मानलं असतं!"

केरबा म्हणाला, "पाटील, विद्यापीठात शिकवत्यात. करणी उतरवत न्हाईत."

* * *

मग ठरलं की प्रत्यक्ष जाऊन बघायचं. औरंगाबाद जवळ, म्हणून आधी औरंगाबाद.

आम्हाला बघण्याची एकच रीत माहीत होती, पोरीसाठी स्थळ बघायची. आधी पोरीला नेत नाहीत, कर्ती माणसं जातात. थेट घरात शिरत नाहीत, शेजारीपाजारी चौकशी करतात. आणि आमच्याकडं असं, की पसंती झाल्याशिवाय पोरीकडची माणसं त्या घरचा चहा घेत नाहीत. चहा घेतला म्हणजे सोयरीक पक्की.

तर आम्ही तिघं, किसनराव फेटा बांधून. कॉलेजच्या फाटकासमोर न्हाव्याचं दुकान होतं, तिथं पहिली चौकशी.

"इथली पोरं कशी हायत?"

न्हावी म्हणाला, "परीक्षेआधी दाढी करत नाहीत आणि निकालानंतर तोंड दाखवत नाहीत."

आत गेलो. ऑफिसातले क्लार्क भले गृहस्थ. उन्हातून आलेली वयस्क माणसं बघून त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. तीन कप समोर आले. वाफ निघत होती, घसा कोरडा होता, पण किसनरावांनी माझ्या मांडीला चिमटा घेतला.

"घ्या ना चहा," क्लार्क म्हणाले.

"नगं. उपवास हाय," किसनराव म्हणाले.

क्लार्कनी नोंद करायला आमची नावं विचारली होती. त्यांनी वहीकडं बघितलं, मग आमच्याकडं. एक पाटील, एक बौद्ध, एक मुसलमान. म्हणाले, "तिघांचाही? आजच? कोणता हो उपवास?"

केरबा म्हणाला, "लेकीचा."

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. लेडीज हॉस्टेल दाखवलं, लायब्ररी दाखवली. निघताना विचारलं, "मग, पसंत आहे का?"

"घरी जाऊन कळवतो," किसनराव म्हणाले. तीही रीतच.

फाटकाजवळ केरबा थांबला. तिथल्या पाटीवर कॉलेजच्या नावाखाली विद्यापीठाचं नाव होतं. ते त्यानं सावकाश वाचलं. त्या बाचाबाचीनंतर किसनरावांच्या समोर तो नामांतराचं कधी काढत नसे, त्या दिवशी काढलं. "रमाचा अभ्यास व्हायला चार वर्षं लागतील. तोपर्यंत नाव बदलंल. माज्या पोरीच्या डिग्रीवर ते नवीन नाव पायजे, पाटील. मला दुसरं काय नगं."

किसनरावांनी एकदा पाटीकडं बघितलं आणि फेटा सारखा केला. वाद घातला नाही, हीच मोठी गोष्ट होती.

केरबा अचानक मागं फिरला, आम्ही दोघं दारापर्यंत त्याच्या मागं. ऑफिसात शिरला, टेबलावर गार झालेला एक कप उचलला, उभ्या उभ्या एका दमात पिऊन आला.

किसनराव मला म्हणाले, "झाली सोयरीक! आता पोरीला इचारावं लागंल."

* * *

पोरीला विचारलं कुणीच नाही. मी विचारलं, तेही सहज. ती गादीची खोळ द्यायला आली होती, मी माप घेत होतो.

"बाळ, तुला कुठं जायचंय?"

तिनं पिशवीतून वही काढली. वहीत रकाने आखलेले. वर विद्यापीठांची नावं, खाली एकेक गोष्ट. शाखा कोणत्या, जागा किती, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी, पोरींचं हॉस्टेल आवारात आहे का बाहेर. आम्ही तिघांनी महिनाभर जे केलं ते तिनं एका पानावर केलं होतं, आणि गादी न उसवता!

"चाचा, मला कॉम्प्युटरचं शिकायचंय. ते पुण्याला हाय. पुण्याला नंबर लागला तर मला तिकडं जायचंय."

सगळ्यांत खालच्या ओळीला 'मंडळी' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, "हे काय ग?"

ती लाजली. "तुमी तिघं मला भेटायला किती वेळा येताल, ते."

मी अक्षर लावून वाचलं. औरंगाबाद: दर महिन्याला. पुणे: वर्षातून एकदा. मुंबई: येताना हरवतील.

मी हसलो. ती पण हसली, मग वही मिटली. "चाचा, बाबाला कसं सांगू? त्यांनी तिथला चहा पिलाय."

* * *

आता शेवटची सांगतो.

फॉर्म औरंगाबादचा आणि पुण्याचा, दोन्ही भरले होते. दोन्हीकडं नंबर लागला. औरंगाबादचं पत्र सोमवारी आलं, पुण्याचं मंगळवारी, रजिस्टर. केरबानं ते स्वतःच्या घरी नेलं तेव्हा टोपी घालून, दारात उभं राहून, "रमा केरबा" अशी हाक मारून, सही घेऊन दिलं. आत गेला नाही. पुढची टपालं वाटायची होती.

पुण्याला शनिवारपर्यंत जागा घेतो म्हणून लेखी कळवायचं होतं, नाही तर जागा पुढच्या पोराला. आणि घरात असं झालं, की बाप म्हणतो, "तू ठरव," आणि पोरगी म्हणते, "बाबा, तुमी सांगा." मंगळवार गेला, बुधवार गेला. केरबा बाकड्यावर येऊन टोपी हातात फिरवत बसायचा. किसनराव घसा खाकरायचे, आता काही तरी म्हणतील असं वाटायचं, आणि पुन्हा गप्प. एकदा फक्त म्हणाले, "केरबा, मी त्या नावाच्या इरोधात हुतो. म्हणून मी काय बोलत न्हाई. मी बोललो तर तुला वाटंल, त्याच्यासाठी बोलायलोय."

गुरुवारी दुपारी रमा दुकानाशी आली. बंद केलेलं पाकीट बापाच्या हातात दिलं. "बाबा, हे टाकायचंय," म्हणाली, आणि थांबली नाही, गेली.

केरबानं पत्ता वाचला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं पाकीट गुडघ्यावर ठेवलं, पिशवीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं.

मग म्हणाला, "टपालानं शनिवारपर्यंत पोचत न्हाई."

किसनराव म्हणाले, "मग?"

"मग काय? घेऊन जातो."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो, तो आणि मी. किसनरावांच्या पेरण्या चालू होत्या, तरी स्टँडवर येऊन त्यांनी भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. केरबानं रजा टाकली होती, पण अंगावर खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी.

"रजेवर गणवेश कामून?" मी विचारलं.

"टपाल न्यायलोय."

दिवसभराच्या त्या प्रवासात त्यानं दोनदा पिशवीत हात घालून पाकीट जाग्यावर आहे का बघितलं. एकदा म्हणाला, "रसूलभाई, औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव आज न्हाई उद्या बदलंलच. आमी हाव की त्याच्यासाठी." मी म्हणालो, "हो." अहमदनगर मागं पडेपर्यंत तेवढंच बोलणं.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही कॉलेजच्या दारात. ऑफिस उघडलं तसा केरबा सरळ टेबलापुढं जाऊन उभा राहिला, पाकीट काढलं आणि म्हणाला, "टपाल हाय, साहेब. सही करा."

तिथला क्लार्क तरुण होता. त्याला वाटलं, रोजचा पोस्टमन आज बदललाय. त्यानं वर न बघताच केरबाच्या वहीत सही केली. केरबानं वही मिटली, पिशवीत ठेवली. काम झालं होतं, पण तो हलला नाही. क्लार्कनं पाकीट फोडलं, आतला कागद वाचला.

"जिंतूरची मुलगी. हं. सगळं बरोबर आहे," तो आपल्याशीच म्हणाला. मग कागद उलटा केला आणि कपाळाला आठी घातली. "अरेरे. पालकाच्या सहीची जागा कोरीच ठेवलीये. संमती नसेल तर ही जागा आज संध्याकाळी पुढच्या मुलाला द्यावी लागेल." त्यानं मान वर केली. केरबा अजून तिथंच उभा बघून त्याला नवल वाटलं. "काय हो पोस्टमन, बोलण्यावरून तुम्ही त्याच भागातले दिसता. हिचे वडील कुठं असतात?"

केरबानं डोक्यावरची टोपी काढली. पिशवीत ठेवली. पिशवी खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी केस मागं बसवले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आलेत, साहेब," तो म्हणाला. "द्या पेन."